‘आधी पदवी घे, मग बघू’ या सल्ल्याचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत ठरलेला संवाद होतो. पोरगं म्हणतं, “ब्रँच चुकली, मला हे जमणार नाही.” आई गप्प बसते. बाबा म्हणतात, “आधी पदवी घे, मग तुला काय करायचं ते कर.” मामा, शेजारचे काका, क्लासचे सर, सगळे मान डोलावतात. या सल्ल्याची गंमत अशी की तो कधी चुकत नाही. चार वर्षांनी नोकरी लागली तर सल्ला बरोबर होता, नाही लागली तर पोराने मन लावून अभ्यास केला नाही.

सल्ला सरसकट टाकाऊ आहे असं नाही. तिसऱ्या वर्षात पोचलेल्या बहुतेकांसाठी तो योग्यच आहे. पहिल्या वर्षातल्या अनेकांना मात्र तो फार महाग पडतो, आणि दुसऱ्या वर्षातल्यांना कागद-पेन घेऊन बसल्याशिवाय उत्तर सापडत नाही. तक्रार अशी आहे की हा कागद कोणी पुढे ओढत नाही. शिवाय त्या कागदावरचे बरेचसे आकडे त्या पोराने ठरवलेले नसतात. बाहेर पडणं किती महाग असावं हे आपल्या प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या नियमांनी ठरवलेलं असतं, आणि ते कमी करता येतं.

मुळात ‘ब्रँच निवडली’ असं म्हणणंच थोडं धाडसाचं आहे. सीईटीचा निकाल लागल्यावर कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरायला मोजके दिवस मिळतात. त्यावर पसंतीक्रम लिहायचा असतो, पण बहुतेक घरांत लिहिला जातो तो गेल्या वर्षीचा कटऑफ, वरून खाली. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स, मग ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), मग इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल. पर्सेंटाइल जिथे अडकतो तिथे मूल अडकतं आणि त्याला पसंती म्हणतात.

2025-26 पासून इंजिनिअरिंगच्या कॅपला चार फेऱ्या झाल्या आणि सोबत एक नियम आला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाली, तर ती आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते. बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी, पुढच्या फेरीत जाता येत नाही. जागा अडवून बसण्याचा खेळ थांबावा हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. पण पाचव्या ओळीत ‘असू दे, नाहीतरी कुठे मिळणारे’ म्हणून टाकलेलं इन्स्ट्रुमेंटेशन तिसऱ्या फेरीत गळ्यात पडतं ते याच नियमामुळे. यंदा फॉर्म भरणाऱ्यांनी एवढं जरूर पाळावं: मिळाली तर रडू येईल अशी एकही ब्रँच पहिल्या सहा ओळींत नको. कटऑफ चढता असो की उतरता.

ज्यांचा फॉर्म भरून झाला आणि वर्ष सुरू झालं, त्यांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पहिलं वर्ष बहुतांशी सगळ्यांना सारखंच असतं. गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स, ग्राफिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, वर्कशॉप. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने डिसेंबरपर्यंत थर्मोडायनॅमिक्स किंवा थिअरी ऑफ मशिन्स पाहिलेलंच नसतं. जी ब्रँच अजून भेटलीच नाही, ती नावडती झाली कशी? म्हणजे डिसेंबरातली नाराजी खरी असली तरी तिचं नाव बहुधा चुकीचं असतं.

ही नाराजी निरनिराळ्या जागांतून येते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. सगळ्यात जास्त गल्लत भाषेची होते. मराठी माध्यमातून किंवा तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाला व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, तोंडी परीक्षा इंग्रजीत. त्याला मेकॅनिक्स कळत नाही की मेकॅनिक्समधलं इंग्रजी, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. तपासायची रीत सोपी आहे. एआयसीटीईच्या (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तकं मराठीत फुकट मिळतात. ज्या धड्यावर गाडी अडली तो मराठीत वाचायचा आणि त्याच धड्यावरची पाच गणितं सोडवायची. तीन सुटली तर दुखणं विषयाचं नाही. मग ब्रँच बदलून काहीच साधणार नाही, कारण नवी ब्रँचही इंग्रजीतच शिकवणार आहे.

दुसरी गल्लत गणिताची. बारावीला सीईटीसाठी एमसीक्यू सोडवायची सवय लागलेली असते. पर्याय समोर असतात, उलट बाजूनेही उत्तर काढता येतं. पहिल्या वर्षी एम-वनमध्ये (पहिल्या सत्राच्या गणितात) मॅट्रिक्स, आंशिक विकलन आणि मालिका पायरी-पायरीने लिहाव्या लागतात आणि गुण पायऱ्यांना असतात. हात चालत नाही, केटी लागते, म्हणजे विषय राहतो, आणि निष्कर्ष निघतो की ‘माझा इंजिनिअरिंगचा पिंडच नाही’. पिंड वगैरे फार पुढची गोष्ट. दोन महिने रोज दहा गणितं वहीत पूर्ण लिहून सोडवल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये. पण दोन महिने खरोखर केलं, दुसऱ्या सत्राचं एम-टू सुद्धा राहिलं आणि पुढच्या वर्षाच्या गणिताच्या नावानेच पोटात गोळा येत असेल, तर ती माहिती गांभीर्याने घ्यायची. इलेक्ट्रिकल आणि ई अँड टीसीमध्ये गणित दुसऱ्या वर्षी संपत नाही. सिग्नल्स, कंट्रोल सिस्टिम्स असल्या नावांखाली ते शेवटपर्यंत सोबत असतं.

तिसरी जागा म्हणजे कॉलेज. विषय बरा आहे, पण शिकवणारं कोणी नाही, प्रयोगशाळेत उपकरणं बंद, हॉस्टेलात एकटेपणा. यावर ब्रँच बदलणं म्हणजे ताप आलेल्याला चष्मा देण्यासारखं. तीच ब्रँच दुसऱ्या कॉलेजात, किंवा तेच कॉलेज पण वेगळी राहण्याची जागा, हे उपाय कमी खर्चाचे. आणि झोप उडाली आहे, जेवण जात नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल तर ब्रँचचा निर्णय बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय, सोडायचा असो की राहायचा, भरवशाचा नसतो.

या सगळ्यांतून गाळून उरतो तो खरा प्रश्न: विषयच नको आहे. त्याची परीक्षा महिन्याभरात घेता येते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या ब्रँचच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यायचा. त्यातले दोन मुख्य विषय निवडून त्यांचे एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे पहिल्या दोन आठवड्यांचे तास ऐकायचे आणि आठवड्याची असाइनमेंट सोडवायची. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचं असतं. पुढचे दोन आठवडे, जिकडे जायचं मनात आहे त्या विषयाचं अगदी हेच करायचं. मुद्दा असाइनमेंटचा आहे. अर्थशास्त्रावरचे व्हिडिओ सगळ्यांनाच आवडतात. मागणीच्या लवचिकतेची गणितं वीस मिनिटं बसून कोण सोडवतं, त्यावर ठरतं. हव्या असलेल्या विषयाची असाइनमेंटही अर्धवट टाकली गेली, तर ‘हे नको’ एवढंच कळलं आहे, ‘ते हवं’ हे अजून कळलेलं नाही. नुसत्या ‘हे नको’वर कॉलेज सोडू नये.

आता हिशेब. इथेच घरातल्या वडीलधाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक होते. ते विचारतात, “किती वर्षं वाया जातील?” विचारायला हवं, “जायचंय कुठे, आणि दोन्ही वाटांनी तिथे पोचायला किती वर्षं?” उत्तर मुक्कामागणिक बदलतं, आणि कधीकधी चक्रावून टाकतं.

समजा पहिलं वर्ष संपलं आणि मुलीला अर्थशास्त्रात पदव्युत्तर व्हायचं आहे. वाट पहिली: इंजिनिअरिंगची उरलेली तीन वर्षं, मग दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी., कारण अर्थशास्त्राच्या अनेक पदव्युत्तर प्रवेशांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. एकूण पाच. वाट दुसरी: आत्ता सोडून बी.ए.ची तीन वर्षं आणि एम.ए.ची दोन, किंवा नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एक वर्षाचं एम.ए. एकूण पाचच. ‘वाया गेलेलं वर्ष’ कागदावर सापडतच नाही. फरक आहे तो पैशांचा आणि हाती काय राहतं याचा. इंजिनिअरिंगची फी वर्षाला एक लाख आणि राहण्या-जेवणाचे एक लाख धरले, तर तीन वर्षांचे सहा लाख. बी.ए. गावाजवळच्या अनुदानित कॉलेजात केलं तर त्यातले बहुतेक वाचतात. उलट इंजिनिअरिंग पूर्ण केलं तर गणिताची तयारी पक्की होते आणि अर्थशास्त्र फसलं तर नोकरीसाठी दुसरा दरवाजा उघडा राहतो. याची किंमत सहा लाख आहे का, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं. पण निदान ठरवावं तरी.

कायद्याचं उदाहरण घेतलं की चित्र बदलतं. पहिल्या वर्षानंतर सोडून पाच वर्षांच्या एलएल.बी.ला गेलं तर पाच वर्षं. इंजिनिअरिंग संपवून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला गेलं तर सहा. एका वर्षाच्या मोबदल्यात दोन स्वतंत्र पदव्या मिळतात, आणि पेटंटच्या कामात तांत्रिक पदवीला थेट किंमत आहे, कारण पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीचीच पदवी लागते. इथे ‘आधी पदवी घे’ हा सल्ला चक्क शहाणपणाचा ठरतो. सीए व्हायचं असेल तर वेगळंच गणित. वाणिज्येतर पदवीधराला 60 टक्के असतील तर फाउंडेशनची परीक्षा टाळून थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. पण फाउंडेशन बारावीवरही देता येते, म्हणजे सीए पक्कं असेल तर तीन वर्षं थांबण्यात अर्थ नाही. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्यांना कुठलीही पदवी चालते. त्यांनी कमी खर्चाची, कमी वेळखाऊ पदवी घ्यावी की पडल्या पदवीतच राहावं हा प्रश्न जरूर विचारावा, पण परीक्षा निघाली नाही तर त्या पदवीवर काय मिळेल हेही त्याच ओळीत लिहावं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांच्या खोल्यांत पुण्यात हे दुसरं वाक्य लिहायचं राहून गेलेली पिढी बसली आहे. डॉक्टर व्हायचं असेल तर मात्र हिशेब मांडायची गरज नाही. इंजिनिअरिंगच्या पदवीचा नीटला काडीचा उपयोग नाही. बारावीला जीवशास्त्र असेल तर लवकर सोडलेलं बरं.

आणि ज्यांना मेकॅनिकल नको, कॉम्प्युटर हवंय? संख्येने हेच सगळ्यात जास्त. त्यांनी बहुतेक वेळा सोडू नये. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत अनेकदा सगळ्या ब्रँचना बसू देतात. एआयसीटीईच्या रचनेत मुख्य पदवीसोबत 18 ते 20 जादा श्रेयांक (क्रेडिट्स) घेऊन दुसऱ्या शाखेची मायनर, म्हणजे दुय्यम विषयाची जोड, मिळवता येते, आणि नव्या अभ्यासक्रमांत बहुविद्याशाखीय मायनर मुळातच आलेली आहे. शिवाय मद्रास आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. आहे. त्याला जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून क्वालिफायर ही पात्रता परीक्षा द्यायची असते. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली, तेव्हापासून हे राजरोस करता येतं. फक्त एक सावधगिरी: दोन्हीकडची वेळापत्रकं सत्राच्या सुरुवातीलाच शेजारी ठेवून पाहायची. दुसरी पदवी हौसेने घेणारे पुष्कळ असतात, आणि परीक्षा एकमेकींवर आदळल्या की दोन्हीकडे केट्या.

तिसऱ्या वर्षातल्यांसाठी मी फार शब्द खर्च करणार नाही. दीड-दोन वर्षं राहिली आहेत, पदवीवर उघडणारी दारं बरीच आहेत, पूर्ण करा. अपवाद एकच. तिसऱ्या वर्षाला नावापुरते बसलेले, पण मागे केट्यांचा डोंगर. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला, आणि दुसऱ्याचे सुटल्याशिवाय चौथ्याला बसता येत नाही, त्यामुळे वायडी लागलेला, म्हणजे वर्ष मागे पडलेला, विद्यार्थी ‘दीड वर्ष राहिलं’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन राहिलेली असतात. हिशेब वर्षाच्या नावाने करायचा नाही, सुटायच्या राहिलेल्या विषयांच्या संख्येने करायचा. एका सत्रात आजवर जास्तीत जास्त किती विषय सुटले, त्या आकड्याने उरलेल्या विषयांना भागा. जी संख्या येते ती खरी उरलेली सत्रं.

सोडायचं ठरलं, तर क्रम महत्त्वाचा. आधी नवी जागा पक्की, मग जुना प्रवेश रद्द. रागाच्या भरात प्रवेश रद्द करून सीईटी पुन्हा देऊ म्हणणाऱ्यांचं वर्ष बहुतेकदा तिथेच जातं. बारावीनंतर खंड पडला की नव्या कॉलेजला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. जुन्या कॉलेजकडून कॉलेज सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, आणि या सगळ्याआधी ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांचं नो-ड्यूज, म्हणजे काही देणं नसल्याचं पत्र. जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअरच्या मूळ प्रती कॉलेजात जमा असतील तर त्या हातात आल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. युजीसी आणि एआयसीटीई दोघांनीही हे लेखी सांगितलं आहे, आणि उरलेल्या वर्षांची फी मागून दाखला रोखणंही एआयसीटीईला मान्य नाही. तरीही ‘चारही वर्षांची फी भरा, मग दाखला घ्या’ असं काउंटरवर तोंडी सांगितलं जातं. तोंडी नको, लेखी मागायचं. अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. एवढ्याने बरीच अडवणूक विरते.

फी परत मिळण्याचं गणित तारखेवर चालतं. युजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर पूर्ण फी (प्रक्रियाशुल्क वजा), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत 80, तीस दिवसांत 50, आणि पुढे शून्य. अलीकडच्या वर्षांत युजीसीने पूर्ण परताव्यासाठी स्वतंत्र मुदतीही जाहीर केल्या. 2024-25 साठी ती 30 सप्टेंबर होती. इंजिनिअरिंगला एआयसीटीईचे आणि सीईटी कक्षाचे नियम लागतात, म्हणून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं रद्द करण्याचं प्रकरण वाचायचं. पण कुठलाही नियम घेतला तरी डिसेंबरमध्ये, म्हणजे जेव्हा खरोखर कळायला लागतं तेव्हा, परतावा शून्य असतो.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला आधी सांगायचं. मंजुरी त्या अभ्यासक्रमाला आणि त्या संस्थेला असते. अभ्यासक्रम सोडला की हप्ता सुरू व्हायची मुदत जवळ येऊ शकते, आणि हे घरी पहिल्यांदा कळतं ते बँकेच्या पत्राने. शिष्यवृत्तीचंही तसंच. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर ती रद्द होऊ शकते अशी तरतूद आहे. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शुल्क-सवलतीच्या योजनांनाही खंडाच्या अटी आहेत. त्यामुळे समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आधी जाऊन, मग अर्ज.

इथे मुद्दा सार्वजनिक होतो. चूक दुरुस्त करणं सधन घराला परवडतं, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला परवडत नाही. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी राज्य सरकार पूर्ण भरतं. ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामुळे कित्येक मुली पहिल्यांदा इंजिनिअरिंगपर्यंत पोचल्या. त्याच मुलीला विषय बदलायचा असेल तर तिच्यापुढे सगळ्यात जास्त अटी. ‘तुला फुकट शिकवतोय, वर नखरे?’ असं सरकार म्हणत नाही, पण नियम तसंच बोलतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर उत्तर दिलंय असं सांगितलं जातं. 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. श्रेयांक खात्यात जमा होतात, सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. कला-वाणिज्य-विज्ञानात एक वर्षाचे साधारण 40 श्रेयांक आणि वर चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला की ते प्रमाणपत्र मिळतं. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की बँकेत पासबुक आहे, पण चेक वठवणारा कोणी नाही. एफईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं, गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग हे श्रेयांक बी.एस्सी.ला किंवा बीसीएला किती धरायचे, हे ठरवणं नव्या संस्थेच्या मर्जीवर आहे, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान 50 टक्के श्रेयांक मिळवायची अट त्यावर आहेच. समकक्षतेची छापील यादी हातात नसलेला कारकून सुरक्षित उत्तर देतो: “पहिल्या वर्षाला बसा.” उलट दिशेचा रस्ता मात्र कधीचा पक्का आहे. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पदविकाधारकालाही. आत यायला बाजूचं दार आहे, बाहेर जायला खिडकीही नाही.

कॉलेजच्या आतली ब्रँच-बदल ही तर वेगळीच कथा. दुसऱ्या वर्षाला रिकाम्या जागा होतात, त्यांवर गुणानुक्रमे बदल देता येतो. प्रत्यक्षात किती जागा रिकाम्या, अर्ज कधी, यादी कुठे, हे ज्याच्या ओळखीचं कोणी ऑफिसात आहे त्याला कळतं. काही आयआयटींनी अलीकडे ब्रँच-बदल पूर्ण बंद केली. कारण दिलं की त्यासाठी मुलं पहिलं वर्षभर गुणांच्या ताणात जगतात. ताण खरा आहे, पण दार बंद करणं हा त्यावरचा उतारा विचित्र वाटतो.

करता येण्याजोगं बरंच आहे, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. प्रत्येक विद्यापीठाने एफईच्या विषयांना आपल्याच बी.एस्सी., बीसीए, बी.ए. अभ्यासक्रमांत किती श्रेयांक मिळतील याची यादी छापावी. दहा-बारा विषयांचं काम आहे, अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत होईल. दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा कॅपसारख्याच ऑनलाइन, ठरलेल्या तारखेला, गुणांसकट जाहीर व्हाव्यात. आणि शिष्यवृत्ती किंवा शुल्क-सवलत घेणाऱ्याला पहिल्या वर्षाअखेर एकदा, एकदाच, अभ्यासक्रम बदलायची मुभा मिळावी, सवलत न गमावता.

यावर आक्षेप ठरलेला आहे: दार उघडलं तर सगळे कॉम्प्युटरकडे पळतील आणि मेकॅनिकल-सिव्हिलचे वर्ग ओस पडतील. पण ते तर दार बंद असतानाच होतंय. 2024-25 पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली आणि कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या. लोंढा वरून आला आहे. ब्रँच-बदलाने त्यात पडणारी भर त्यापुढे किरकोळ. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सोडलेली जागा रिकामी राहते आणि तिच्यावरचा सार्वजनिक खर्च वाया जातो. बरोबर. पण मनातून बाहेर पडलेला आणि देहाने बाकावर बसलेला विद्यार्थीही ती जागा रिकामीच ठेवतो, फक्त हजेरीपत्रकावर ती भरलेली दिसते आणि सरकार त्याची फी आणखी तीन वर्षं भरत राहतं. दोन्हींत स्वस्त काय, हे वित्त विभागालाही सांगता येईल.

घरी बोलताना ‘मला आवडत नाही’ हे वाक्य उपयोगाचं नाही. आवडीला आईबापांच्या पिढीकडे उत्तर तयार असतं, “आम्हाला कुठे आवडत होतं?” त्याऐवजी एक कागद न्यावा. डावीकडे पदवी पूर्ण करण्याची वाट, उजवीकडे सोडण्याची. प्रत्येकीखाली वर्षं, एकूण फी, कर्जाचं काय होईल, शिष्यवृत्तीचं काय होईल, मुक्काम हुकला तर हातात काय उरेल. खाली त्या महिन्याभरात सोडवलेल्या असाइनमेंट. बाबा कागदातली एखादी फी चुकलीय म्हणून भांडतील. भांडू द्यावं, त्या निमित्ताने ते हिशेबात उतरलेले असतात.

आणि हे बोलणं कधी व्हायला हवं, त्यालाही तारीख आहे. पुढच्या वर्षीच्या सीईटीची नोंदणी हिवाळ्यात सुरू होते, पहिल्या सत्राचा निकाल मात्र विद्यापीठाच्या सवडीने लागतो. निकालाची वाट पाहून घरी विषय काढेपर्यंत नोंदणीची मुदत अनेकदा संपलेली असते. सोडायचं ठरलेलं नसलं तरी अर्ज भरून ठेवावा. परीक्षा न दिल्यास जातं ते फक्त अर्जाचं शुल्क.